कामठीहून क्लॅरिनेट घेऊन पुढे कुठे?

नागपूरजवळच्या कामठीला क्लॅरिनेट नवं नाही. 1821 साली कन्हान नदीच्या काठी इंग्रजांनी छावणी वसवली, मद्रासकडच्या पलटणी इथे आल्या आणि पलटणींच्या मागोमाग बँडचं संगीतही आलं. आज त्याच छावणीत ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं रेजिमेंटल सेंटर आहे. लष्करी बँडमध्ये धून पुढे नेण्याचं बरंचसं काम क्लॅरिनेटकडे असतं, आणि लग्नसराईत वरातीपुढे गाण्याचा मुखडा उचलतो तोही अनेकदा क्लॅरिनेटवालाच. एवढी ओळख असूनही घरातल्या मुलाने किंवा मुलीने "मला क्लॅरिनेटमध्ये मास्टर्स करायचंय" असं म्हटलं, की घरात शांतता पसरते. मग मामा-काका गोळा होतात आणि पहिला प्रश्न येतो, "ह्याच्यासाठी अमेरिकेत जातात का बाप्पा?"

जातात. मात्र इंजिनिअरिंगच्या मास्टर्ससाठी कॉलेज निवडण्याची जी पद्धत नागपुरातल्या घरांना पाठ झाली आहे, ती इथे उपयोगाची नाही. क्रमवारीतली पहिली दहा नावं काढायची, कट-ऑफ पाहायचा, सल्लागाराकडून निबंध लिहून घ्यायचा, ह्यातलं जवळपास काहीच इथे चालत नाही.

अमेरिकेत ह्या पदवीला मास्टर ऑफ म्युझिक म्हणतात. ती साधारण दोन वर्षांची असते. दर आठवड्याला गुरूसमोर एकट्याने वाजवायचं, ऑर्केस्ट्रात बसायचं, चार-पाच जणांच्या छोट्या चमूत वाजवायचं आणि शेवटी स्वतःची मैफल सादर करायची, असा तिचा गाभा. प्रवेश ठरतो ऑडिशनवर. आधी व्हिडिओ पाठवायचा, तो पसंत पडला तर जानेवारी ते मार्चच्या दरम्यान प्रत्यक्ष वाजवून दाखवायचं. बारावीचे टक्के कोणी विचारत नाही, ह्याचा आनंद मुलांना होतो. ऑडिशनला जेमतेम पंधरा-वीस मिनिटं मिळतात, हे कळलं की तो ओसरतो.

इथेच पहिली अडचण उभी राहते आणि ती आधी सोडवलेली बरी. बी.कॉम. किंवा बी.ए. झालेल्या मुलाला थेट मास्टर्सला अर्ज करता येईल का? जर्मनीतली संगीत विद्यालयं मास्टर्ससाठी साधारणपणे संगीतातलीच पहिली पदवी मागतात. अमेरिकेतली काही विद्यापीठं दुसऱ्या विषयाचे पदवीधर घेतात, पण वादन तितकं तयार लागतं. शिवाय तिथे पोहोचल्यावर संगीतशास्त्राची चाचणी होते आणि कच्चं निघालं तर पूरक वर्ग करावे लागतात. आपली तीन वर्षांची पदवीही सगळीकडे धरली जात नाही. ट्रिनिटी कॉलेज लंडनच्या परीक्षा भारतात देता येतात. त्यातला एलटीसीएल हा डिप्लोमा पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या तोडीचा मानला जातो, त्यामुळे अर्जाला वजन येतं. पदवीची जागा मात्र तो घेत नाही. ज्याने वयाच्या सतराव्या-अठराव्या वर्षी बँडमध्ये क्लॅरिनेट हाती घेतलं, त्याने परदेशात पुन्हा बॅचलर्सपासून सुरुवात करण्यात काही कमीपणा नाही. चार वर्षं वाया जातील असं नातेवाईक म्हणतील. अर्धवट तयारीने मास्टर्सला जाऊन दोन वर्षं धापा टाकणं त्यापेक्षा महाग पडतं.

आता खरा मुद्दा. क्लॅरिनेटसाठी विद्यापीठ निवडायचं नसतं, त्या विद्यापीठातला क्लॅरिनेटचा शिक्षक निवडायचा असतो. एका शिक्षकाकडच्या विद्यार्थ्यांच्या गटाला तिकडे स्टुडिओ म्हणतात, आणि तो लहान असतो. जुने विद्यार्थी बाहेर पडले तरच नव्यांना जागा होते, म्हणून एखाद्या नामांकित ठिकाणी एखाद्या वर्षी एक-दोनच जागा निघाल्या तर नवल नाही. आपल्याकडे गंडा बांधताना घराणं पाहतात, बुवांच्या घरातलं वातावरण पाहतात. क्लॅरिनेटचं गणितही त्याच्या जवळचं आहे, फक्त गुरुदक्षिणा डॉलरमध्ये असते.

अँथनी मॅकगिल यांचं उदाहरण पाहण्यासारखं आहे. वडील अग्निशमन दलात, घर शिकागोच्या दक्षिण भागात. मुलगा शहरातल्या मेरिट स्कूल ऑफ म्युझिकमध्ये शिकला, पुढे इंटरलॉकेनच्या कलाशाळेत आणि मग फिलाडेल्फियाचं कर्टिस इन्स्टिट्यूट. 2014 पासून ते न्यूयॉर्क फिलहार्मोनिकचे प्रमुख क्लॅरिनेटवादक आहेत, आणि त्या वाद्यवृंदाच्या इतिहासात प्रमुख वादकाच्या जागेवर बसलेले ते पहिले आफ्रिकन-अमेरिकन. तेच ज्युलियर्ड आणि कर्टिसमध्ये शिकवतात. त्यांच्यासारख्या वादकाकडे शिकण्याची ओढ साहजिक आहे. पण जो शिक्षक स्वतः सतत रंगमंचावर असतो, तो आठवड्याचा तास किती नेमाने देतो, तो दौऱ्यावर गेला की वर्ग कोण घेतं, हे विचारायला हवं. विचारायचं त्याच्याच विद्यार्थ्यांना. आणखी एक प्रश्न लोक संकोचाने टाळतात: शिक्षक निवृत्त कधी होणार? ज्यांच्यासाठी समुद्र ओलांडला ते दुसऱ्या वर्षी निघून गेले, तर हातात फक्त इमारतीचं नाव उरतं.

म्हणून अर्ज करण्याच्या बऱ्याच आधी शिक्षकाला छोटी ईमेल लिहावी. स्वतःच्या वादनाचा एक दुवा, दोन ओळींची ओळख आणि एका चाचणी-तासाची विनंती, एवढं पुरे. अनेक शिक्षक ऑनलाइन तास देतात. काही जण त्याची फी घेतात आणि ती द्यावी. त्या एका तासात शिक्षकाला मुलगा कळतो, आणि हा माणूस आपली चूक नेमकी सांगतो की नुसतं "छान, छान" म्हणतो, हे मुलालाही कळतं. नुसत्या कौतुकासाठी परदेशात जाण्यात अर्थ नाही.

वाद्याचा विषय पालकांना किरकोळ वाटतो, पण अर्जाची दिशा त्यावरही ठरते. आपल्याकडच्या बँडना वाद्यं पुरवणारं मोठं केंद्र म्हणजे मेरठची जली कोठी. तिथल्या नादिर अली कंपनीची स्थापना 1885 ची. वरातीला ही वाद्यं उत्तम चालतात. ऑडिशनला मात्र बोम पद्धतीचं व्यावसायिक दर्जाचं वाद्य लागतं, आणि तेही एक नव्हे, दोन. बँडमध्ये बी-फ्लॅट क्लॅरिनेट वाजतं. मोझार्टचा 1791 चा कॉन्चेर्टो ऑडिशनला जवळपास सगळीकडे मागतात, आणि तो ए क्लॅरिनेटवर वाजवायचा असतो. कामठीतल्या किती वादकांनी ए क्लॅरिनेट हातात धरलं असेल? चांगल्या फ्रेंच बनावटीच्या जोडीला काही लाख रुपये पडतात, तेव्हा हा खर्च फीच्या हिशेबात आधीच धरावा. जर्मनी आणि ऑस्ट्रियातले वाद्यवृंद तर ओलर नावाची वेगळी जर्मन पद्धत वापरतात, तिच्या चाव्यांची रचनाच निराळी असते. बोम पद्धतीवर बोटं बसलेल्या विद्यार्थ्याला जर्मनीत शिकता येईल, पण तिथल्या वाद्यवृंदात नोकरी मिळवणं फार कठीण.

हवेचंही पाहावं लागतं. बराक ओबामांच्या 2009 च्या शपथविधीत मॅकगिल, चेलोवादक योयो मा आणि व्हायोलिनवादक इट्झाक पर्लमन वाजवत होते, तेव्हा लोकांनी ऐकलं ते आधी करून ठेवलेलं रेकॉर्डिंग होतं; जानेवारीच्या थंडीत वाद्यांचा सूर टिकणार नव्हता. कामठीच्या मे महिन्यात उलटी परीक्षा असते. 45 अंशांच्या कोरड्या उन्हात लाकडी क्लॅरिनेटला तडा जाऊ शकतो आणि रीड वाळून वाकडी होते. वाद्य पेटीत, पेटी सावलीत, आणि कूलरच्या थेट झोतापासून दोन्ही दूर.

आता पैसा. अमेरिकेतल्या खासगी संगीतशाळांची ट्यूशन फी वर्षाला 50 हजार डॉलरच्या वर आहे, राहणं-खाणं वेगळं. एवढं कर्ज काढून क्लॅरिनेट शिकू नये, हे स्पष्टच सांगायला हवं. मोठ्या वाद्यवृंदात क्लॅरिनेटच्या जागा तीन किंवा चार असतात, आणि एक रिकामी झाली की जगभरातून अर्ज येतात. त्यातच अमेरिकेत शिक्षणानंतर कामासाठी मिळणारी मुदत संगीताच्या पदवीला 12 महिन्यांचीच आहे. इंजिनिअरांना मिळणारी वाढीव दोन वर्षं इथे नाहीत. सॉफ्टवेअरवाल्या चुलतभावाचं कर्जफेडीचं कोष्टक इथे लावलं तर ते पहिल्याच वर्षी कोलमडेल.

पण फी न घेणाऱ्या जागाही आहेत आणि त्या अव्वल आहेत. कर्टिसमध्ये 1928 पासून कोणाकडूनच ट्यूशन फी घेत नाहीत. येल विद्यापीठाच्या संगीतशाळेला 2005 मध्ये 10 कोटी डॉलरची देणगी मिळाली आणि तेव्हापासून तिथेही ट्यूशन माफ आहे. ही शाळा प्रामुख्याने पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठीच आहे. लॉस एंजलिसच्या कोलबर्न कन्झर्व्हेटरीत राहण्या-जेवणाचाही भार संस्था उचलते. इथली चुरस वेगळी सांगायला नको. मध्यम तयारीच्या मुलासाठी अधिक खरा मार्ग सरकारी विद्यापीठांतल्या असिस्टंटशिपचा: विद्यार्थ्याने खालच्या वर्गांना शिकवायचं, विद्यापीठाच्या बँडला मदत करायची आणि बदल्यात फीमाफी नि थोडा भत्ता घ्यायचा. लष्करी पद्धतीच्या बँडचा अनुभव असलेल्या मुलाला ह्या कामात लाजायचं कारण नाही, उलट तो अनुभव अर्जात ठळक लिहावा.

जर्मनीत बऱ्याच सरकारी संगीत विद्यालयांत फी नाममात्र आहे. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात मात्र 2017 पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना दर सत्राला 1500 युरो भरावे लागतात, आणि इतरही काही ठिकाणी फी सुरू झाली आहे. व्हिसासाठी वर्षाचा खर्च आधी खात्यात अडकवून दाखवायचा असतो. 2024 मध्ये ही रक्कम 11,904 युरो झाली. जर्मन भाषा शिकावीच लागते.

शिष्यवृत्तीत एक गोम आहे, तिच्याकडे कामठीतल्या घरांनी विशेष लक्ष द्यावं. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. ती देताना विद्यापीठाची जागतिक क्रमवारी पाहतात. स्वतंत्र संगीतशाळा कितीही मोठी असली तरी विद्यापीठांच्या सर्वसाधारण यादीत ती सापडेलच असं नाही; येल किंवा मिशिगनसारख्या विद्यापीठाच्या पोटातली संगीतशाळा सापडते. एरवी दुय्यम असलेलं क्रमवारीचं प्रकरण इथे अचानक महत्त्वाचं होतं. अर्जाआधी त्या वर्षीची जाहिरात आणि विषयांची यादी वाचावी. जे. एन. टाटा एंडोमेंट 1892 पासून परदेशी शिक्षणासाठी कर्जरूपी शिष्यवृत्ती देतं, तेही दार ठोठावून पाहावं.

आणि परदेशी जायचंच नसेल तर? मास्टर्सशिवाय क्लॅरिनेटवर पगार मिळतो, हे कामठीला सांगायची गरज नसावी. ब्रिगेड ऑफ द गार्ड्स 1949 मध्ये ज्यांच्या पुढाकाराने उभी राहिली त्या जनरल करिअप्पांच्याच काळात, 1950 मध्ये, पचमढीला लष्करी संगीतशाळा सुरू झाली. विदर्भाला पचमढी नागद्वारच्या यात्रेमुळे ठाऊक. लष्कराचे बँडवाले आणि बँडमास्टर तयार होतात तेही तिथेच. नौदलाची संगीतशाळा मुंबईत कुलाब्याला आयएनएस कुंजाली इथे आहे. हवाई दल आणि नौदल अग्निवीर म्हणून वादकांची भरती करतात. पात्रता दहावी पास, मुदत चार वर्षांची, आणि त्यानंतर जास्तीत जास्त 25 टक्के लोक कायम होतात, हे मात्र डोळ्यांआड करू नये. महाराष्ट्र पोलिसांत बँड्समनची स्वतंत्र पदं निघतात. मुंबईत एनसीपीए ह्या कलासंस्थेत 2006 साली सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया सुरू झाला; देशातला हा एकमेव व्यावसायिक सिम्फनी वाद्यवृंद, पण त्यातले पुष्कळ वादक परदेशातून येतात.

शिवाय हे वाद्य पाश्चात्त्य संगीताच्या मालकीचं राहिलेलं नाही. तिरुचिरापल्लीचे ए. के. सी. नटराजन यांनी आयुष्यभर त्यावर कर्नाटक संगीत वाजवलं आणि 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. शंकर टकर हा अमेरिकी तरुण तर बॉस्टनच्या न्यू इंग्लंड कन्झर्व्हेटरीत क्लॅरिनेट शिकून मुंबईला पं. हरिप्रसाद चौरसियांकडे आला. ज्या मुलाचा जीव यमनात रमतो त्याने ब्राम्सच्या सोनाटांसाठी दोन वर्षं आणि लाखो रुपये खर्च करण्याआधी स्वतःला हा प्रश्न नीट विचारावा.

ज्याचं उत्तर तरीही "जायचंच" असं असेल, त्याच्या पालकांनी विरोधात दम घालवू नये. एखाद्या परक्या, जाणत्या शिक्षकाकडून मुलाच्या वादनाचं रोखठोक मूल्यमापन करून घ्यावं आणि फीमाफीचं पत्र हातात आल्याशिवाय होकार देऊ नये. वरातीत कानाने वाजवणाऱ्या मुलाने आजपासून स्टाफ नोटेशन वाचायला बसावं, ते न येता पुढचं काहीच शक्य नाही. ब्रिटनमधल्या संगीतशाळांचे अर्ज ऑक्टोबरच्या सुरुवातीला बंद होतात आणि अमेरिकेतल्या बहुतेक ठिकाणांचे 1 डिसेंबरला. तेव्हा व्हिडिओचं रेकॉर्डिंग गणपती बसायच्या आत उरका. त्यानंतर ढोल-ताशे, मग दिवाळीचे फटाके, आणि तुळशीचं लग्न लागलं की वराती सुरू. कामठीत शांत खोली मिळायची नाही.