डाउनलोडचे आकडे आणि न उघडणारा लेख

विद्यापीठ ग्रंथालयाच्या ई-साधनांचं मूल्यमापन म्हटलं की नॅकचा तक्ता पुढे येतो. ई-जर्नल्स आहेत का, ई-शोधसिंधूचं सदस्यत्व आहे का, शोधगंगा आहे का, घरून वापरता येतं का, वर्षाला खर्च किती. आम्ही ग्रंथालयातली माणसं सगळीकडे 'होय' लिहितो आणि ते खोटं नसतं. पण संशोधकाला काल रात्री हवा होता तो लेख उघडला का, हे त्या तक्त्यातून कुणालाच कळत नाही. साधनं किती आहेत हे मोजायला सोपं, म्हणून तेच मोजलं जातं.

आकड्यांवर किती विसंबायचं याचा एक अनुभव सांगते. एका वर्षी एका मोठ्या प्रकाशकाच्या वापर-अहवालात एका महिन्याचे डाउनलोड एकदम आभाळाला भिडले. वरच्या मजल्यावर आनंद झाला, वार्षिक अहवालात आलेख टाकायचं ठरलं. मला तो उंच खांब काही पचेना. संगणक विभागाकडून नोंदी मागवल्या, तर बहुतेक डाउनलोड वसतिगृहाच्या जोडणीवरून, मध्यरात्रीनंतर, ओळीने अंकामागून अंक, संपादकीयं आणि शुद्धिपत्रांसकट. कुणीतरी प्रोग्राम लावून जर्नलच्या जर्नल उपसत होतं. आम्ही काही करायच्या आत प्रकाशकानेही ते हेरलं आणि सगळ्या कॅम्पसचा आयपी बंद केला. पत्रव्यवहार, खुलासा, पुन्हा असं होणार नाही अशी हमी, हे सगळं होईपर्यंत सिनॉप्सिसच्या तारखा डोक्यावर असलेली मुलं माझ्या केबिनबाहेर उभी. वापराचा विक्रम झाला आणि पाठोपाठ कुणालाच काही वापरता येईना.

म्हणून वापर-अहवाल हातात आला की बेरीज बघू नका, आधी बाकीचे रकाने बघा. बहुतेक मोठे प्रकाशक 'काउंटर' या प्रमाणित पद्धतीने आकडे देतात. तिची पाचवी आवृत्ती २०१९पासून वापरात आहे. तिच्यात एकूण मागण्या वेगळ्या आणि अनन्य मागण्या वेगळ्या मोजतात. एखाद्याने लेख आधी पडद्यावर वाचला आणि मग पीडीएफ उतरवून घेतली, तर एकूणमध्ये दोन धरतात, अनन्यमध्ये एक. दोन प्रकाशकांची तुलना करायची असेल तर अनन्यचाच रकाना घ्या. नाहीतर ज्याच्या संकेतस्थळाची रचनाच दोनदा क्लिक करायला लावणारी, तो उगाच लोकप्रिय ठरतो.

पण माझ्या मते सगळ्यात मोलाचा अहवाल आहे तो नाकारलेल्या मागण्यांचा. आपल्याकडच्या वाचकाने कोणत्या जर्नलचं दार ठोठावलं आणि वर्गणी नाही म्हणून ते उघडलं नाही, याची ती यादी. ती आपोआप कुणी पाठवत नाही, प्रशासक लॉगिनमधून काढावी लागते. तिलाही मर्यादा आहे. घरून, विद्यापीठाचं लॉगिन न करता आलेला वाचक आपला आहे हे प्रकाशकाला कळतच नाही, त्यामुळे त्याची निराशा कुठेही नोंदली जात नाही. तालुक्याच्या गावी राहून पीएच.डी. करणारे नोकरदार शिक्षक नेमके यात मोडतात.

त्यांच्यासाठी इन्फ्लिबनेटची 'इन्फेड' सोय आहे, पण ती आहे एवढंच आपण सांगतो. प्रकाशकाच्या पानावर संस्थेमार्फत प्रवेशाचा दुवा शोधायचा, तिथे इन्फेड निवडायचं, मग लांबलचक यादीतून आपलं विद्यापीठ, मग परवलीचा शब्द. हे एकदा शेजारी बसून करून दाखवलं की माणूस पुढे कधी विचारत नाही. नाही दाखवलं तर तो साय-हब या चोरट्या संकेतस्थळाकडे जातो आणि आपल्यासमोर त्याचं नाव काढत नाही. ताकाला जाऊन भांडं लपवण्यातला प्रकार. २०२०च्या अखेरीस तीन बड्या प्रकाशकांनी या साय-हबविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला, त्यामुळे लपवालपवीला आणखी कारण मिळालं.

याच लपवालपवीमुळे प्रश्नावल्यांवर माझा फारसा भरवसा नाही. ग्रंथालयशास्त्रातले निम्मेअधिक प्रबंध 'समाधानी, अतिसमाधानी, असमाधानी' या रकान्यांवर उभे असतात. आमच्याकडे फॉर्म वाटला तेव्हा एका मुलाने पेन उचलून विचारलं, "मॅडम, समाधानीच लिहू ना?" त्याची काही चूक नव्हती. फॉर्म द्यायला ग्रंथपाल समोर उभी असताना दुसरं काय लिहिणार! शिवाय काय मिळू शकतं हेच ज्याला ठाऊक नाही, तो मिळालेल्यावर समाधानी असणारच.

त्यापेक्षा संदर्भसूची तपासा. प्रत्येक विभागातले अलीकडचे चार-पाच प्रबंध घ्यायचे, त्यांच्या सूचीतली एकेक नोंद कॅम्पसवरून उघडून बघायची, मग तीच घरून. पूर्ण उघडली, फक्त सारांश दिसला, जुने अंक आहेत पण ताजी वर्षं बंद, मुक्तपणे दुसरीकडे मिळाली, कुठेच नाही, अशा खुणा करत जायच्या. कंटाळवाणं काम आहे, पण वर्गणीचा पैसा कुठे कामी येतो ते यातून स्वच्छ दिसतं. एक पथ्य मात्र पाळा: सूचीत तेच असतं जे संशोधकाच्या हाती लागलं. जे लागलं नाही त्याची वही सध्या काम करणाऱ्यांकडून लिहवून घ्या. ती वही माझ्या टेबलावर असते आणि तिच्यातलं अक्षर संशोधकांचं असतं, माझं नाही.

सूची तपासू लागलं की विषयांमधली दरी डोळ्यांत भरते. विज्ञानवाल्यांची सूची बऱ्यापैकी उघडते. १९७२च्या दुष्काळावर काम करणारी एक विद्यार्थिनी आमच्याकडे होती. वुल्फ लाडेजिन्स्की यांचा १९७३चा लेख तिला जेस्टोरवरच्या 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त लगेच सापडला. पण मराठी वर्तमानपत्रांच्या त्या काळच्या फायली, जिल्ह्यांतले टंचाईचे अहवाल, मराठी नियतकालिकांतले लेख यांतलं जवळपास काहीच आमच्या वर्गणीच्या साधनांत नव्हतं.

शोधगंगेवर मराठी प्रबंध आहेत, पण शोधचौकटीत 'दुष्काळ' लिहून थांबू नका. कुठे शीर्षक रोमन लिपीत चढवलेलं असतं, आणि तेही प्रत्येकाच्या मनच्या स्पेलिंगने. कुठे पानं नुसती स्कॅन केलेली. आणि कित्येक फायली युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेल्या. त्या पडद्यावर सुंदर मराठी दिसतात, पण आत संगणकाच्या दृष्टीने रोमन अक्षरांचा कचरा असतो. ओळखायची खूण सोपी आहे. एक ओळ कॉपी करून वर्डमध्ये चिकटवा. अगम्य चिन्हं उमटली तर त्या प्रबंधात शोध चालणार नाही, प्रकरणं एकेक उघडून चाळायला लागतील. आपल्या विद्यापीठाने नव्याने चढवायचे प्रबंध तरी युनिकोडमध्येच घ्यावेत, यासाठी पीएच.डी. विभागाच्या मागे लागा. यात पैसा लागत नाही, फक्त वाईटपणा घ्यावा लागतो.

आता 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' ही केंद्र सरकारची योजना आली आहे. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० जर्नल्स, ६,३०० सरकारी संस्था. छोट्या शहरातल्या सरकारी महाविद्यालयाला जी जर्नल्स स्वप्नातही परवडली नसती ती आता उघडतात, हे मी मनापासून मान्य करते. पण लगेच वित्त विभागाकडून फाइल येते की मग आपली वेगळी वर्गणी कशाला? अशा वेळी संदर्भसूचीचा तपास हाताशी असला तर बोलता येतं. योजनेतल्या जर्नल्सची यादी आणि आपली वर्गणी समोरासमोर लावा. दोन्हीकडे असेल ते खुशाल बंद करा. वाचलेला पैसा त्या न मिळालेल्यांच्या वहीतल्या नावांवर, मराठी नियतकालिकांच्या वर्गणीवर आणि जुन्या अंकांच्या स्कॅनिंगवर मागा. मागणी नोंदवताना वर्षही लिहा, कारण मार्चनंतर तो पैसा दुसऱ्या शीर्षाखाली गेलेला असतो.

आणि एखादं जर्नल बंद करण्याआधी जुना करार काढून एक कलम वाचा: ज्या वर्षांची वर्गणी आपण भरली, ते अंक वर्गणी थांबल्यावरही उघडणार आहेत का. तोंडी उत्तरावर जाऊ नका, प्रकाशकाच्या प्रतिनिधीकडून ईमेलवर लिहून घ्या आणि ती ईमेल फाइलला लावा, कारण प्रतिनिधी बदलतात.