आधी कोणत्या पेशंटकडे जाल?

“बी.एस्सी. नर्सिंगनंतर अमेरिकेला जायचंय, मग एनक्लेक्सचा क्लास कधी लावायचा?” पालक हे पहिल्याच वर्षी विचारतात. त्याआधी ही परीक्षा नेमकं काय तपासते, ते पाहू.

अमेरिकेत रजिस्टर्ड नर्स म्हणून काम करायचं तर एनक्लेक्स-आरएन पास व्हावंच लागतं. एप्रिल २०२३ पासून तिच्यात एकाच रुग्णावर आधारलेले सलग सहा-सहा प्रश्न येऊ लागले. लक्षणं हेरणं, त्यांचा अर्थ लावणं, धोका ओळखणं, उपाय ठरवणं, कृती करणं आणि परिणाम तपासणं, अशा क्रमाने ते पुढे जातात.

एक नमुना घ्या. पोटाचं ऑपरेशन झालेल्या पेशंटची सकाळी नाडी ८८, बीपी १२०/८०. दुपारी नाडी ११८, बीपी १००/७०, हात गार, लघवी कमी, चुळबुळ सुरू. शेजारच्याला दुखण्यावर गोळी हवी आहे. तिसऱ्याची जेवणाआधीची शुगर बघायची आहे. चौथ्याचे नातेवाईक डिस्चार्जसाठी आवाज चढवताहेत. आधी कोणाकडे? चारही कामं करायचीच आहेत, पण पहिल्याला आत रक्तस्राव होत असू शकतो. नुसतं १००/७० पाहून फारसं खटकत नाही. सकाळच्या नोंदीशी ताडलं की धोका दिसतो.

परीक्षा संगणकावर, जास्तीत जास्त पाच तासांची. तुमच्या उत्तरांप्रमाणे पुढच्या प्रश्नांची काठिण्यपातळी बदलते. प्रश्न किमान ८५, कमाल १५०. त्यामुळे ८५ व्या प्रश्नाला स्क्रीन बंद झाली म्हणून घरच्यांनी धसका घेऊ नये. तिथे पासही होतात, नापासही. मागे जाऊन उत्तर बदलता येत नाही. नापास झाल्यास निदान ४५ दिवस थांबावं लागतं.

रुग्णाचा धोका वेळेत ओळखता येतो का, हेच परीक्षा तपासते, म्हणून खरी तयारी वॉर्डात होते. पोस्टिंगला केवळ हजेरीपुरतं जाऊ नका. चार्टमधले कालचे आणि आजचे आकडे शेजारी ठेवून वाचा. ड्यूटी बदलताना सिस्टर हँडओव्हर देतात, तेव्हा कान देऊन ऐका. अमुक पेशंट आधी का पाहिला, हे त्यांना विचारा. प्रश्नसंच शेवटच्या वर्षी सोडवले तरी चालतील.

पालकांनी कॉलेज निवडताना इमारतीपेक्षा संलग्न रुग्णालय पाहावं: खाटा किती, त्यांवर रुग्ण असतात का, विद्यार्थ्यांना त्यांची काळजी घ्यायला मिळते का? परदेशी जाणं झालं नाही, तरी हे शिक्षण इथल्या वॉर्डातही तितकंच उपयोगी पडेल.