हेर, जासूद आणि रनर : पलटणीतल्या खबरेची गोष्ट

खासबागेतून कॅम्पात गेलं की मराठा लाइट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर लागतं. कवायत, रायफल, तिथली घोषणा आपल्या ओळखीची. पण लढाईला आणखी एक गोष्ट लागते, ती म्हणजे खबर. आजचा पाठ तिच्यावर.

आधी शब्द पाहू. ‘हेर’ म्हणजे हेरणारा, पाळत ठेवणारा. ‘हरकारा’ फारसीतून आला. तो निरोप घेऊन धावणारा. ‘जासूद’ मात्र दोन्ही कामं करायचा. बातमी काढायची आणि ती पोचवायचीही! कारण उघड आहे. उशिरा पोचलेली खबर काय कामाची?

सभासदाच्या बखरीत बहिर्जी जाधव येतात, आपले बहिर्जी नाईक. त्यांनी सुरतेची पाळत करून वर्तमान आणलं. जानेवारी १६६४ मध्ये महाराज सुरतेवर चालून गेले.

पुढे आधुनिक सैन्यात ही कामं वेगळी झाली. गुप्तवार्तेसाठी इंटेलिजन्स कोअर. तिची प्रशिक्षण शाळा पुण्यात आहे. संदेशांसाठी सिग्नल्स. तरी गोळीबारात कंपनीचा निरोप पळत नेणारा शिपाई राहिलाच. त्याला म्हणत ‘रनर’, म्हणजे आपला हरकाराच.

नामदेव जाधव असेच रनर होते. नगर जिल्ह्यातल्या निमजचे. पलटण पहिली मराठा, १७६८ साली उभी राहिलेली ‘जंगी पलटण’. ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीत सेनिओ नदी ओलांडताना त्यांची छोटी तुकडी जवळजवळ संपली. त्यांनी दोन जखमी साथीदारांना एकेक करून खोल पाण्यातून, उभ्या बांधावरून, सुरुंगांच्या पट्ट्यातून सुखरूप आणलं. मग शत्रूच्या तीन मशीनगन चौक्या गप्प केल्या. शेवटी बांधावर उभं राहून त्यांनी मराठ्यांची युद्धघोषणा दिली आणि मागच्या कंपन्यांना हात करून बोलावलं. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

ती आरोळी आपण शौर्य म्हणून वाचतो. पण ती खबरही होती : वाट मोकळी आहे, या! ती वेळेत पोचली म्हणून पुढची माणसं वाचली आणि तो काठ पलटणीच्या हातात राहिला.

आपल्या भागात घरोघरी फौजी आहेत. सुट्टीत आजोबांजवळ, काकांजवळ बसा. पलटणीतले त्यांचे शब्द विचारा आणि वहीत उतरवून घ्या. ती माणसं आहेत तोवरच हे शब्द आपल्यापर्यंत पोचतील.