नागलीतील कॅल्शियम हाडांपर्यंत कसे पोचते?

डहाणू-तलासरीच्या डोंगरउतारांवर पावसाळ्यात नागलीची शेते दिसतात. नाचणी म्हणतात तीच ही. भातासारखी पाण्याची खाचरे तिला लागत नाहीत. वरकस जमिनीतही ती पिकते. या नागलीचा आपल्या हाडांशी काय संबंध आहे, ते पाहू या.

कोंबडीचे स्वच्छ धुतलेले बारीक हाड आठवडाभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा. ते रबरासारखे वाकू लागेल. आम्लामुळे हाडातील कॅल्शियमचे क्षार विरघळतात आणि कोलॅजन हे प्रथिन मागे राहते. काँक्रीटमधील सळ्यांप्रमाणे कोलॅजन ताण सहन करते, तर क्षार दाब सहन करतात. मजबूत हाडाला दोन्ही हवीत.

१०० ग्रॅम नागलीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तेवढ्याच पांढऱ्या तांदळात जेमतेम १० मिलिग्रॅम. १३ ते १५ वर्षे वयाच्या मुलामुलींना रोज १००० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळावे, अशी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०२० ची शिफारस आहे.

परंतु खाल्लेले सर्व कॅल्शियम रक्तात जात नाही. रोपाच्या वाढीसाठी दाण्यात फॉस्फरसचा साठा असतो, तो फायटिक आम्लाच्या रूपात. हे आम्ल आतड्यात कॅल्शियमला धरून ठेवते व न विरघळणारा क्षार तयार होतो. पालकातील ऑक्झॅलिक आम्लही असेच करते. म्हणून पालकात कॅल्शियम असूनही त्यातले फार थोडे आपल्या वाट्याला येते.

यावर उपाय दाण्यातच आहे. मोड येताना दाण्यातील फायटेज हे विकर फायटिक आम्लाचे विघटन करते व अडकलेले कॅल्शियम मोकळे होऊ लागते. नागली रात्रभर भिजवावी, फडक्यात बांधून मोड आणावेत, मग वाळवून दळावी. पीठ आंबवून केलेल्या आंबिलीतही फायटिक आम्ल कमी होते. घरोघरीच्या या जुन्या रीतींमागे असे रसायनशास्त्र आहे.

जोडीला शेवग्याच्या पाल्याची भाजी असावी. तिच्यात कॅल्शियम आहेच, शिवाय ‘के’ जीवनसत्त्वही आहे. हाडातील ऑस्टिओकॅल्सिन या प्रथिनाला कॅल्शियम धरता यावे, यासाठी हे जीवनसत्त्व लागते. आतड्यातून कॅल्शियम शोषले जाण्यासाठी ‘ड’ जीवनसत्त्व हवे. ते त्वचेत सूर्यप्रकाशाने तयार होते. कोलॅजनसाठी डाळी, अंडी, मासळी यांतील प्रथिने हवीत. केवळ नागलीवर हाडे पोसत नाहीत.

हाडांतील कॅल्शियमची ठेव बहुतांशी विशीपर्यंतच भरली जाते. तुमचे वय नेमके त्या भरण्याचे आहे. तेव्हा ताटात भात असला, तरी नागलीची भाकरी मागे पडू देऊ नका.