घरबसल्या रिहॅबचा कोर्स : फीपलीकडचा हिशेब

बोरिवलीत संध्याकाळची ओपीडी आटोपून थेरपिस्ट मोबाईल हातात घेतो, तेव्हा ऑनलाइन कोर्सच्या जाहिराती वाटच बघत असतात. ‘सर्टिफिकेट मिळेल’ असं सगळेच सांगतात. पैसे भरण्याआधी विचारायचं ते इतकंच : माझ्या कौन्सिलला हे चालतं का?

पदवीचा प्रश्न निकालात निघाला आहे. २०२१च्या अलाइड हेल्थकेअर कायद्यात मोडणारे अभ्यासक्रम दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइन द्यायला यूजीसीने जुलै-ऑगस्ट २०२५च्या सत्रापासून बंदी घातली. मानसशास्त्रही त्यात आलं. त्यामुळे फिजिओथेरपीची पदवी घरपोच देणाऱ्याला चहाचेही पैसे देऊ नका. उरतात ते अल्पमुदतीचे कोर्स.

स्पीच थेरपिस्ट, ऑडिओलॉजिस्ट, स्पेशल एज्युकेटर यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे. नूतनीकरणासाठी पाच वर्षांत सतत पुनर्वसन शिक्षणाचे, म्हणजे सीआरईचे, १०० पॉइंट लागतात, आणि कार्यक्रमाला आरसीआयची आधी मंजुरी नसेल तर ते मिळत नाहीत. फिजिओ आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट यांची कौन्सिल राज्याची, वेगळी. एकीकडचे पॉइंट दुसरीकडे चालतील असं गृहीत धरू नका.

सुरुवात फुकटापासून करा. जागतिक आरोग्य संघटनेचे ‘टॅप’ हे सहायक साधनांवरचे धडे मोफत आहेत. एनपीटीईएल या ऑनलाइन कोर्सच्या मंचावर शिकणं मोफत. सर्टिफिकेट हवं असेल तर १,००० रुपये भरून केंद्रावर परीक्षा द्यायची. खासगी कोर्सची फी १०,००० म्हटली की १८ टक्के जीएसटी धरून ११,८०० होतात. डॉलरमध्ये भरलंत तर बरीच कार्डं वर साडेतीन टक्क्यांपर्यंत घेतात.

पण खरा पैसा राखून ठेवायचा तो प्रत्यक्ष कार्यशाळेसाठी. पक्षाघाताच्या पेशंटला पलंगावरून खुर्चीत घेताना त्याचा सैल पडलेला खांदा कसा सांभाळायचा, आपला गुडघा त्याच्या गुडघ्याला कुठे टेकवायचा, हे व्हिडिओ कितीदा पाहिला तरी हाताला कळत नाही. वांद्र्याची अली यावर जंग संस्था आणि हाजी अलीची १९५५पासूनची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था, दोन्ही सरकारी. त्यांच्या कार्यक्रमांवर आधी नजर ठेवा. घाटकोपर-मुलुंडकरांना दादरला गाडी बदलावी लागेल, पण भाडं किरकोळ. भारी पडतात त्या बुडालेल्या होम व्हिजिट : ७०० रुपये घेत असाल आणि तीन हुकल्या, तर २,१०० फीत मिळवा.

पैसे भरण्याआधी मंजुरीचा क्रमांक, रेकॉर्डिंग किती दिवस दिसणार आणि बॅच रद्द झाल्यास परतावा किती, हे ईमेलवर लेखी मागा. व्हॉट्सअॅपवरचं ‘हो सर, मिळेल’ धरू नका.