परक्या देशातील परिचारिका आणि आपण



१९६० च्या दशकात केरळमधील अनेक कॅथलिक तरुणी परिचारिका म्हणून पश्चिम जर्मनीत गेल्या. तिथल्या रुग्णालयांत मनुष्यबळाची टंचाई होती. ख्रिस्तसभेच्या संस्थांनीच पुष्कळ जणींना नेले होते.

भाषा नवी, थंडी कडाक्याची, ताटात भात नाही. आपल्याकडे रुग्णाला आंघोळ घालणे, भरवणे ही कामे बहुधा घरची माणसे किंवा आया करतात. तिथे ती परिचारिकेचीच होती. अनेकींना प्रथम ते जड गेले. तरीही त्या टिकल्या. त्यांच्या पगारावर इकडे भावंडांची शिक्षणे झाली, बहिणींची लग्ने झाली. पुढे सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात गरज ओसरली, तेव्हा अनेकींना राहण्याचे परवाने वाढवून मिळेनात.

इथे आपण थांबून विचार करू. माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये, असे सांगणारा तत्त्वज्ञ कांट जर्मनच होता. हात हवे होते, पण त्या हातांमागे माणूस आहे याचा विसर पडला. मात्र जर्मनीला दोष देऊन आपण सुटत नाही.

लेवीय १९:३४ मध्ये देव इस्राएलला परक्यावर स्वतःसारखी प्रीती करायला सांगतो. कारणही देतो: तुम्हीही मिसरात परके होता. ख्रिस्तसभेची धर्मशिकवण (क्र. २२४१) दोन्ही बाजूंना कर्तव्य सांगते. संपन्न देशांनी शक्य तितके परक्याचे स्वागत करावे आणि आलेल्याने त्या देशाचे कायदे व वारसा यांचा मान राखावा.

आपल्याही लेकीसुना आखातात, परदेशात नोकरीला जातात. तिथे कोणी मायेने विचारपूस केली की आपला जीव भांड्यात पडतो. मग आपल्या गावातल्या रुग्णालयांत काम करणाऱ्या परप्रांतीय मुलींचे काय? रात्रपाळी करून त्या मिस्साला येतात, शेवटच्या बाकावर बसतात आणि निघून जातात. धर्मगुरू म्हणून आम्हीही त्यांची नावे विचारायला विसरतो, हे कबूल केले पाहिजे.

कुटुंबात चर्चा करा:
१. आजारपणात आपली सेवा करणाऱ्या परिचारिकेचे नाव आपल्याला आठवते का?
२. आपण तिला ‘सिस्टर’ म्हणतो, पण बहिणीसारखे वागवतो का?
३. या नाताळात घरापासून दूर असलेल्या एका तरी मुलीला आपण जेवायला बोलावू का?

परका होतो आणि तुम्ही मला घरात घेतले, असे प्रभू एक दिवस म्हणणार आहे (मत्तय २५). ते शब्द आपल्यासाठी असोत.