लाडक्या सामन्याचा लेख तपासताना

ज्या सामन्याचा वाचकाला आधीपासूनच अभिमान असतो, त्यावरचा ज्ञानकोशातला लेख तपासणं सगळ्यात अवघड. २९ जुलै १९११ रोजी कलकत्त्यात मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ असं हरवून फुटबॉलची आयएफए शील्ड स्पर्धा जिंकली. या अंतिम सामन्यावरचा मराठी लेख माझ्याकडे समीक्षणाला आला, तेव्हा तो वाचायला फार छान होता. माझ्याआधी ज्यांनी पाहिला त्यांनी बहुधा म्हणूनच तो पुढे सरकवला असावा. भाषा ओघवती, माहितीचौकट भरलेली, तळटिपा भरपूर. घोटाळा तळटिपांतच होता.

शेवटच्या परिच्छेदात म्हटलं होतं की या पराभवाच्या धसक्याने इंग्रजांनी राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला हलवली. आधार म्हणून एका दैनिकाच्या रविवार पुरवणीतला लेख दिलेला. ती पुरवणी मिळवून वाचली. तेच वाक्य, जवळजवळ शब्दशः. मग लेखाचा संपादन इतिहास उघडला आणि उलगडा झाला. हे वाक्य लेखात आधी आलं होतं, तेही बिनसंदर्भाचं. कुणीतरी त्यावर ‘संदर्भ हवा’ असा साचा लावला. दरम्यान पुरवणीवाल्या लेखकाने ते ज्ञानकोशातल्या याच लेखातून उचललं, आणि तिसऱ्याच संपादकाने ती छापील पुरवणी पुरावा म्हणून आणून लावली. साचा निघाला. सापाने स्वतःची शेपटी गिळावी तसा हा प्रकार, आणि त्यात कुणाचा हेतू वाईट नव्हता, हे विशेष. तेव्हापासून तळटीप दिसली की मी तिची तारीख आणि ते वाक्य लेखात आल्याची तारीख शेजारी मांडून बघतो. तुम्हीही बघा. संदर्भ वाक्यापेक्षा धाकटा निघाला तर थांबायचं.

त्या वाक्याचं काय करायचं, हा पुढचा प्रश्न. नुसतं उडवून टाकलं तर महिन्याभरात दुसरं कुणीतरी ते परत आणतं, कारण ते ऐकायला आवडतं. म्हणून खोडण्याऐवजी त्या जागी खरा क्रम लिहिला. राजधानी बदलल्याची घोषणा दिल्ली दरबारात १२ डिसेंबर १९११ ला झाली. व्हाइसरॉय हार्डिंगचा लंडनला गेलेला खलिता २५ ऑगस्टचा. इथवर वाचून भाबडा वाचक म्हणेल, बघा, सामन्यानंतर महिन्याच्या आत! पण हार्डिंगच्या कौन्सिलातले गृहसदस्य जॉन जेन्किन्स यांनी दिल्लीची सूचना करणारं टिपण जूनमध्येच दिलं होतं. तेव्हा अंतिम सामना व्हायचा होता. वंगभंगाने पेटलेल्या बंगालचा त्या निर्णयाशी संबंध होताच, आणि हा विजय त्याच पेटलेल्या काळातला होता; एवढं म्हणता येतं. त्याहून जास्त नाही.

दुसरी जागा ‘पहिला’ या विशेषणाची. मोहन बागान हा इंग्रज संघाला हरवणारा पहिला भारतीय संघ, असं लेखात होतं. ते खरं नाही. १८९२ मध्येच शोभाबाजार क्लबने ट्रेड्स कपमध्ये ईस्ट सरे रेजिमेंटला हरवलं होतं. बागान हा आयएफए शील्ड जिंकणारा पहिला भारतीय संघ, हे मात्र निर्विवाद, आणि तेवढं पुरेसं मोठं आहे. ‘पहिला’, ‘एकमेव’, ‘सर्वात मोठा’ हे शब्द दिसले की विचारायचं: कशातला? उत्तर वाक्यात नसेल तर वाक्य अपुरं.

‘अकरा अनवाणी वीर’ हेही तसंच. अनवाणी दहा होते. बचावफळीतले सुधीर चॅटर्जी, जे पुढे धर्मोपदेशक झाले, ते बूट घालून खेळले. दहा अनवाणी पाय-जोड्यांनी पलटणीच्या बुटांना तोंड दिलं यात काय कमी आहे? पण चर्चा पानावर एकाने लिहिलं की मी विजयाला उणेपणा आणतोय. अशा वेळी वाद घालत बसू नये. संदर्भ द्यावा, आठवडाभर हरकतीची वाट पाहावी आणि मग दुरुस्ती करावी.

प्रेक्षकसंख्येचा आकडा माहितीचौकटीत एकच होता, ठाम. प्रत्यक्षात साठ हजारांपासून लाखापर्यंत अंदाज सापडतात, आणि मोजणी केलेला एकही नाही. मागच्यांना खेळ दिसतच नव्हता. गोल झाल्याचं त्यांना कळावं म्हणून पतंग उडवले गेले. गर्दी सांगायला मला तो तपशील कुठल्याही आकड्यापेक्षा जास्त उपयोगी वाटतो. आकडा द्यायचाच तर ‘अंदाजे’ म्हणून, दोन टोकांसह.

माझी खरी तक्रार वेगळीच होती. इतक्या लांब लेखात प्रत्यक्ष खेळाला दोन ओळी! अंतिम सामन्यावरच्या लेखात खेळच नसेल तर तो इतिहासावरचा निबंध झाला. उपांत्य फेरीत मिडलसेक्स रेजिमेंटशी १-१ बरोबरी, मग पुन्हा खेळून ३-० विजय, हे गाळलेलं. अंतिम सामन्यात आधी ईस्ट यॉर्कशायरच्या जॅक्सनने गोल केला, कर्णधार शिबदास भादुडीने बरोबरी साधली आणि अखेरच्या मिनिटांत शिबदासच्याच पासवर अभिलाष घोषने विजयी गोल मारला. हा क्रम लेखात उलटसुलट झाला होता. शिबदास आणि त्याचा भाऊ विजयदास यांची नावं तर एवढी मिसळली होती की एकाचा गोल दुसऱ्याच्या खात्यात गेला होता. खेळाडूंची यादी आणि सामन्याचं वर्णन समोरासमोर ठेवून वाचलं तर असल्या चुका लगेच हाती लागतात. २०११ मध्ये या सामन्यावर ‘एगारो’ हा बंगाली चित्रपट आला. चित्रपटाला रंग भरायची मुभा असते. म्हणून त्यातला प्रसंग वर्णनात शिरलाय का, हेही पाहावं.

दंतकथा मात्र मी काढली नाही. सामना संपल्यावर कुणीतरी फोर्ट विल्यमवरच्या युनियन जॅककडे बोट दाखवून विचारलं म्हणे, तो कधी उतरणार? उत्तर आलं, बागान पुन्हा शील्ड जिंकेल तेव्हा. बागानने पुढची शील्ड जिंकली १९४७ मध्ये. इतकी बेमालूम जुळणारी गोष्ट नंतर रचलेली असण्याचीच शक्यता जास्त. तरी लोक ती सांगत आले, हे सत्यच आहे. ‘आख्यायिका’ असा वेगळा विभाग करून ती तिथे ठेवली. तिथे ती शोभते.

फुटबॉलवर मराठीत लिहिणाऱ्यांनी आपल्या मुंबईच्या रोव्हर्स चषकाकडेही वळावं. स्पर्धा १८९१ पासूनची, १९२३ च्या अंतिम सामन्यात हेच मोहन बागान डरहॅम लाइट इन्फन्ट्रीकडून हरलं, आणि भारतीय संघाने चषक जिंकायला १९३७ चं बंगलोर मुस्लिम्स यावं लागलं. त्या काळची मुंबईची वर्तमानपत्रं ग्रंथालयांत आहेत. आधी ती वाचा, मग लेख लिहायला घ्या.